‘पेशंट सहकार्य करत नाही’

घरून डबा आला. सुनेने ताट वाढून आप्पांच्या पुढ्यात ठेवले. दहा मिनिटांनी पाहिले तर उजवीकडची भाजी, आमटी संपलेली आणि भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्लेला. उरलेली अर्धी भाकरी सुरीने कापल्यासारखी सरळ, डावीकडची चटणी आणि कोशिंबीर जशीच्या तशी. आप्पा मात्र चिडलेले. ‘‘एवढ्यात पोट भरतं का माणसाचं?’’ सून म्हणाली, ‘‘आप्पा, ताटात आहे की अजून.’’ आप्पांनी ताटाकडे पाहिले. ‘‘कुठं आहे?’’ वैतागून तिने ताट उलट फिरवले आणि आप्पांना अर्धी भाकरी दिसली. ‘‘आता वाढलीस होय!’’

हे दृश्य कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात, थोड्याफार फरकाने, पाहायला मिळते. आप्पांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्तवाहिनी बंद पडली, डावा हात-पाय लुळा झाला. एवढे सगळ्यांना कळले आहे. डोळ्यांना काही झालेले नाही. तरी डावीकडचे अर्धे जग त्यांच्या लेखी उरलेले नाही, हे कुणी सांगितलेले नाही. मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे डावीकडे वाढतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या जेवणातून सगळ्यात आधी चव जाते, आणि ‘तोंडाला चव नाही’ ही तक्रार गोळ्यांच्या नावावर जमा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना चाकाच्या खुर्चीतून फिजिओथेरपी विभागात नेतात. दारातून जाताना खुर्चीचे डावे चाक चौकटीला आपटते. ‘डावा पाय उचला’ म्हटले की ते उजवा उचलतात, किंवा काहीच न हलवता ‘उचलला की’ म्हणतात. समोर शिकवणाऱ्या व्यक्तीकडे न बघता उजवीकडच्या खिडकीबाहेर पाहत राहतात. तीन-चार दिवस असे गेले की केसपेपरवर एक शेरा पडतो : ‘पेशंट सहकार्य करत नाही’. घरच्यांचे शब्द याहून कडक असतात. हट्टी झालेत, नाटक करतात, सुनेला त्रास द्यायला करतात. दोन्हींचा परिणाम सारखाच. व्यायाम कमी होतो, मग थांबतो. ज्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, ते निघून जातात.

पक्षाघाताविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ जागृती झाली. तोंड वाकडे झाले, हात लटकला, बोलणे अडखळले की वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, हे आता गावातही लोकांना ठाऊक होऊ लागले आहे. दर वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिनी हेच सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. पण रुग्ण वाचला, घरी गेला, त्यानंतरच्या गोष्टींबद्दल आपली समजूत अजून हात आणि पाय यांच्यापुढे सरकलेली नाही. ताकद किती आली, पाचपैकी तीन की चार, हे विचारले जाते. त्या हाताकडे रुग्णाचे लक्ष आहे का, ही क्रिया कशी करायची हे त्याला आठवते का, आपल्याला काही झाले आहे हे त्याला पटते का, हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

आप्पांच्या अवस्थेला वैद्यकात ‘नेग्लेक्ट’ म्हणतात. मराठीत ‘एकांगी दुर्लक्ष’ म्हणता येईल, पण ‘दुर्लक्ष’ शब्दाला आपल्याकडे जाणूनबुजून केल्याचा वास आहे आणि येथे नेमके तेच नाही. मेंदूचा डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, तर उजवा गोलार्ध दोन्ही बाजूंवर, असे याचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. त्यामुळे डाव्या गोलार्धाला इजा झाली तर उजवा बरेच सांभाळून घेतो. उजव्याला इजा झाली की डाव्या बाजूला वाली उरत नाही. तीव्र पक्षाघाताच्या १,२८१ रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात उजव्या गोलार्धाला इजा झालेल्यांपैकी ४३ टक्के आणि डाव्या गोलार्धाला इजा झालेल्यांपैकी २० टक्के रुग्णांत सुरुवातीला हा दोष आढळला. तीन महिन्यांनी हे प्रमाण १७ आणि ५ टक्क्यांवर आले. म्हणजे बहुतेकांचा दोष ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही त्यांचे पुढचे आयुष्य मात्र लुळ्या हातापेक्षा या दोषामुळेच जास्त अडते.

हा दृष्टीचा दोष नव्हे, हे नातेवाइकांना समजावणे सगळ्यात अवघड जाते. पक्षाघातात काही वेळा दृष्टिक्षेत्राचा अर्धा भागही जातो. पण तसा रुग्ण धडकला की शहाणा होतो, मान वळवून पाहू लागतो. नेग्लेक्ट असलेला रुग्ण मान वळवत नाही, कारण वळवून पाहण्यासारखे तिकडे काही आहे हेच त्याच्या मनात येत नाही. इटलीतील बिझियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी १९७८ साली याचा विलक्षण पुरावा दिला. मिलान शहरातल्या रुग्णांना त्यांनी तिथल्या कॅथीड्रलसमोरच्या चौकाची नुसती कल्पना करायला सांगितले. चौकाच्या एका टोकाला उभे राहून कॅथीड्रलकडे पाहताय असे समजा आणि काय काय दिसते ते सांगा. रुग्णांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हटले, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट बघा. आता त्यांनी आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या, आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. चौक पूर्ण लक्षात होता. पण मनातल्या चौकाचीसुद्धा डावी बाजू ओस पडली होती. आपल्याकडे एखाद्याला गावातल्या एसटी स्टँडपासून देवळापर्यंतची दुकाने जाताना आणि येताना अशी दोनदा सांगायला लावली, तर काहींच्या बाबतीत हेच दिसेल.

दहा वर्षांनी मार्शल आणि हॅलिगन यांनी एका रुग्णाला घराची दोन चित्रे दाखवली. एका चित्रात घराच्या डाव्या बाजूला आग लागलेली होती. रुग्णाला दोन्ही चित्रे सारखीच वाटली. पण ‘यातल्या कोणत्या घरात राहाल?’ असे विचारल्यावर तिने, हा काय वेडगळ प्रश्न असे वाटत असतानाही, बहुतेक वेळा न जळणारे घर निवडले. माहिती आत पोहोचत होती, जाणिवेपर्यंत चढत नव्हती. उपचाराची आशा या फटीत आहे.

याच्याच जोडीने येणारी दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे : आपण आजारी आहोत हेच न कळणे. १९१४ साली पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी तिला ‘अनोसोग्नोसिया’ हे नाव दिले. हात हलत नाही, तरी रुग्ण शांतपणे सांगतो, ‘‘झोपलाय जरा.’’ कुणी म्हणतो, हा हात माझा नाहीच. हे शिकलेल्यांनाही चुकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना १९७४ च्या अखेरच्या दिवशी पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. आपल्याला लकवा झाल्याची बातमी खोटी आहे, असे ते पत्रकारांना सांगत. लुळ्या पायाने फुटबॉल मारतो, असेही ते म्हणाले होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये निवृत्त व्हावे लागेपर्यंत हे चालले. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाला समोरचा पुरावा दिसत नव्हता, मग चौथी शिकलेल्या आप्पांना हट्टी का म्हणायचे? अशा रुग्णाला ‘व्यायाम केला नाहीस तर हात बरा होणार नाही’ असे बजावणे निरर्थक आहे. त्याच्या मते हात बराच आहे. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला पटणारे काम द्यावे. कपबशी दोन्ही हातांनी उचलायला सांगावे, चहा सांडू द्यावा, आणि हे का झाले असे शांतपणे विचारावे. कधी कधी तेवढ्याने पहिली चीर पडते. या रुग्णांना सुरुवातीला दुःखही होत नाही. भान परत येऊ लागले की रडू येते. नातेवाइकांना ते बिघडल्यासारखे वाटते. अनेकदा तो सुधारणेचा भाग असतो, पण तेव्हाच नैराश्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

तिसरा प्रकार फिजिओथेरपिस्टना घाम फोडतो. साधारणपणे लकवा झालेला माणूस बसवला की लुळ्या बाजूला कलंडतो आणि चांगल्या हाताने काहीतरी धरतो. काही रुग्ण मात्र त्याच चांगल्या हाताने स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलतात. सरळ करायला गेले की आणखी जोराने ढकलतात, ‘पाडताय मला’ म्हणून ओरडतात. दोन माणसे एका म्हाताऱ्याशी झुंजत आहेत असे चित्र दिसते. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ साली याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून त्याला ‘पुशर’ म्हणतात. त्याचे कारण पुढे २००० साली जर्मनीत कारनाथ आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. डोळे मिटलेल्या रुग्णांना हलत्या खुर्चीत बसवले, तर खुर्ची चांगल्या बाजूला सुमारे १८ अंश कललेली असताना त्यांना आपण सरळ बसलो आहोत असे वाटे. म्हणजे सरळ बसवले की त्यांना आपण पडत आहोत असे वाटते, आणि ते जीव वाचवायला ढकलतात. यात हट्ट कुठे आला? याच प्रयोगात उपचारही सापडला. डोळे उघडे असताना समोरची उभी रेघ उभी आहे हे त्यांना बरोबर ओळखता येत होते. म्हणून रुग्णाला ढकलून सरळ करण्याऐवजी त्याला दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, सलाईनचा स्टँड दाखवायचा. हे उभे आहे ना? मग तुम्ही कसे बसला आहात? मग चांगल्या बाजूला ठेवलेली वस्तू घ्यायला हात लांबवायला लावायचा, म्हणजे तो स्वतःहून तिकडे झुकतो. या रुग्णांना जास्त आठवडे लागतात, पण बहुतेकांचे ढकलणे सहा महिन्यांत थांबते. ‘हा काही बसणार नाही’ असे म्हणून चौथ्या दिवशी त्याला पलंगावरच ठेवले, तर ते सहा महिने कोण मोजणार?

डाव्या गोलार्धाच्या पक्षाघाताची कथा वेगळी आहे. त्यात उजवा हात-पाय जातो, पुष्कळदा वाचाही जाते, आणि जोडीला ‘अप्रॅक्सिया’ येऊ शकतो. १९०० साली ह्यूगो लीपमान यांनी त्याची मांडणी केली. चांगल्या डाव्या हातात ताकद आहे, पण कंगवा दिला तर तो दातांकडे जातो. बटण लावायचे आहे हे कळते, बोटे मात्र वाट चुकतात. ‘नमस्कार करा’ म्हटले तर रुग्ण हाताकडे बघत बसतो. पण तेच मोठे डॉक्टर राउंडला आले की हात आपोआप कपाळाकडे जातो. हे पाहून वॉर्डातले लोक म्हणतात, बघा, मनात आलं की जमतं! मागणीवरून केलेली क्रिया आणि प्रसंगातून आपसूक आलेली क्रिया यांचे मार्ग मेंदूत वेगवेगळे असतात, एवढाच याचा अर्थ.

यातून व्यायाम शिकवण्याची रीत बदलते. अप्रॅक्सिया किंवा वाचाघात असलेल्या रुग्णाला ‘कोपर सरळ ठेवून हात खांद्याच्या रेषेत वर घ्या आणि पाच आकडे मोजा’ असे सांगणे म्हणजे त्याच्यावर शब्दांचा मारा करणे. आवाज वाढवून काही होत नाही; तो बहिरा नाही. एकावेळी एक गोष्ट, शब्दांपेक्षा करून दाखवणे, हातावर हात ठेवून हालचाल घडवणे, आणि खरी वस्तू खऱ्या जागी देणे. अंघोळीचा तांब्या मोरीत, घास ताटासमोर, चपला उंबऱ्यापाशी. रोज त्याच क्रमाने. अभ्यास असे सांगतात की जी क्रिया शिकवली ती सुधारते, न शिकवलेल्या क्रियेत त्याचा फायदा फारसा उतरत नाही. म्हणून काय शिकवायचे हे रुग्णाच्या घरावरून ठरले पाहिजे. जी बाई घरी गेल्यावर साडीच नेसणार आहे, तिला प्लास्टिकचे शंकू एकावर एक रचायला लावण्यात आठवडे घालवू नयेत. उजव्या मेंदूच्या रुग्णांत तर कपडे घालताना डावी-उजवी, आतली-बाहेरची बाजूच कळेनाशी होते. पोलक्याची एक बाही रिकामी लोंबते, निऱ्या कुठे खोचायच्या ते समजत नाही. हीसुद्धा फिजिओथेरपीचीच बाब आहे, कारण कपड्यांशी झटापट करतानाच माणसे पडतात.

हे दोष ओळखायला महागडी यंत्रे लागत नाहीत. कोऱ्या कागदावर विखुरलेल्या छोट्या रेघा काढायच्या आणि रुग्णाला प्रत्येक रेघ छेदायला सांगायचे. मार्टिन अल्बर्ट यांनी १९७३ साली सुचवलेली ही चाचणी दोन मिनिटांत होते. नेग्लेक्टचा रुग्ण उजवीकडच्या रेघा छेदून पेन खाली ठेवतो आणि ‘झालं’ म्हणतो. एक लांब रेघ काढून तिचा मध्य दाखवायला सांगितला तर खूण उजवीकडे सरकते. दोन्ही हातांना एकाच वेळी स्पर्श केला तर फक्त उजवा सांगतो, एकेक केला तर दोन्ही सांगतो. घड्याळ काढायला लावण्याची चाचणी प्रसिद्ध आहे, पण ज्याने आयुष्यात पेन क्वचित धरले त्याच्या बाबतीत ती फसवी ठरते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला घड्याळ काढता आले नाही, तर दोष मेंदूचा की शाळेचा? स्मृती आणि एकाग्रतेच्या छापील चाचण्यांतही शिक्षणाचा हा घोळ होतोच. त्यापेक्षा टेबलावर नाणी पसरून ती सगळी वेचायला लावणे बरे. आणि सगळ्याच्या आधी रुग्णाचा चष्मा कुठे आहे ते विचारावे. तो घरीच राहिलेला असतो. कानाचे यंत्रही.

या दोषांकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण मोजमापाच्या साधनातच आहे. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन एनआयएच मोजपट्टीत एकूण ४२ गुण आहेत. त्यातले ७ थेट भाषेशी संबंधित आहेत, नेग्लेक्टला २. वाचा गेली की सगळ्यांना दिसते, जगाची एक बाजू गेली की आकडा जेमतेम हलतो. उजव्या मेंदूचा रुग्ण छान बोलतो, देवाधर्माच्या गप्पा मारतो, हसतो. मग तो ‘सौम्य’ ठरतो आणि लवकर घरी जातो.

घरी गेल्यावर काय होते? चाकाच्या खुर्चीचा डावा ब्रेक लावायचा राहतो आणि उठताना खुर्ची मागे सरकते. डावा हात चाकाच्या आऱ्यांत अडकतो, कुशीवर झोपताना अंगाखाली दबतो, चहाच्या गरम भांड्याला टेकून भाजतो, आणि भाजल्याचे संध्याकाळी कळते. त्या हाताला धरून उठवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. लुळा खांदा आधीच निखळायला आलेला असतो, त्यात हा हिसका. चालायला लागलेला रुग्ण कुणी हाक मारली की उत्तर देण्यासाठी थबकतो. चालणे आणि बोलणे एकत्र झेपत नसल्याची ती खूण आहे. असा रुग्ण गर्दीत पडू शकतो. एसटीचे दार डावीकडे असते. ज्याला डावीकडे दारच नाही, तो उतरणार कुठून?

उपचारांबद्दल वाजवीपेक्षा जास्त आश्वासन देऊ नये. डावीकडे नजर नेण्याचा पद्धतशीर सराव, वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावणे, डावा हात थोडा जरी हलत असेल तरी तो डाव्याच बाजूला हलवत राहणे, हे उपाय अनेक ठिकाणी वापरतात. फ्रान्समधील रोसेटी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा प्रिझमचा चष्मा घालून काही मिनिटे बोटाने नेम धरण्याचा सराव केला, तर चष्मा काढल्यावर रुग्णाचा कल डावीकडे वळतो. त्या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. पुढच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आले. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्याने नेग्लेक्टवरच्या औषधेतर उपचारांचा दैनंदिन जीवनातला फायदा अजून सिद्ध झालेला नाही असेच म्हटले आहे. मग ओळखून काय करायचे, असा प्रश्न काही डॉक्टरही विचारतात. ओळखले तर घरच्यांचे बोलणे बदलते. पाण्याचा तांब्या आणि हाक मारायची घंटा उजवीकडे ठेवली जाते. व्यायामाच्या वेळी मात्र जवळचे माणूस डावीकडे बसून स्पर्शाने, आवाजाने लक्ष तिकडे खेचते. ब्रेकच्या दांड्याला लाल फडके बांधले जाते. दहा व्यायामांच्या कागदाऐवजी दोनच व्यायाम दिले जातात आणि ते होतात. यातल्या कशासाठीही सिद्ध औषधाची वाट पाहावी लागत नाही. आणि निसर्गही काही करतो. जर्मन चित्रकार अँटन रेडरशाइट यांना १९६७ साली पक्षाघात झाला. त्यानंतर त्यांनी काढलेल्या आत्मचित्रांच्या मालिकेत कॅनव्हासची डावी बाजू आधी जवळपास रिकामी आहे आणि पुढच्या चित्रांत ती हळूहळू भरत जाते.

‘घरच्यांना शिकवा म्हणजे झाले’ असे आता धोरणाच्या पातळीवरही सुचवले जाते. माणसे कमी, रुग्ण अफाट, त्यामुळे कल्पना मोहक आहे. भारतातच तिची मोठी परीक्षा झाली. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. याचा अर्थ घरच्यांना शिकवू नये असा नाही. सुनेला ताट फिरवायला सांगितलेच पाहिजे. पण प्रशिक्षित हातांचे काम तिच्या गळ्यात टाकून व्यवस्थेने मोकळे होऊ नये, एवढा अर्थ त्यातून नक्की काढता येतो. आधीच तिची रोजंदारी बुडते आहे, मुलांची शाळा आहे, रात्रीचे जागरण आहे.

या कामासाठी स्वतंत्र विद्याशाखा आपल्याकडे नवी नाही. रुग्णाला पुन्हा जेवता, नेसता, रांधता यावे यासाठी क्रिया शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी ती उभी केली. देशाला हा मार्ग दाखवणाऱ्या महाराष्ट्रात आज ही सेवा प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात अडकून राहिली आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर एका फिजिओथेरपिस्टपुढे गुडघे, पाठ, फ्रॅक्चर आणि पक्षाघात अशी सगळी रांग उभी असते. त्या व्यक्तीला रुग्णामागे पंधरा मिनिटे मिळाली तर नशीब. अशा वेळी ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा निष्काळजीपणापेक्षा थकव्यातून येतो, हेही मान्य केले पाहिजे. केंद्राने २०२१ साली आरोग्य क्षेत्रातल्या या सहयोगी व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने पात्रतेला मान मिळेल. जिल्हा रुग्णालयात पद निर्माण करणे आणि ते भरणे हे राज्याचे काम आहे, ते कोणत्याही कायद्याने आपोआप होत नाही.

पदे भरली जाईपर्यंत करता येण्यासारखी एक गोष्ट फुकट आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर हाता-पायांच्या ताकदीखाली आणखी एक ओळ असावी : लक्ष, भान, क्रिया, भाषा; तपासले, काय आढळले. ही ओळ लिहायची सक्ती झाली की तपासावे लागेल. तपासले की फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी कळेल की समोरचा माणूस ऐकत का नाही. सहा आठवड्यांनी रुग्ण परत आला की तीच ओळ पुन्हा भरायची. तोवर कार्डावरून ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द काढून टाकायला काही हरकत नाही. त्या जागी ‘का करत नाही’ ते लिहावे.

त्या दुसऱ्या भेटीत सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती पूर्ण बऱ्या दिसणाऱ्या रुग्णाची. पन्नाशीचा रिक्षाचालक, घरात कमावणारा एकटा. व्यायाम नेटाने केला, डाव्या हाताची ताकद पाचपैकी पाच झाली, चालणे सरळ झाले. तो रिक्षा चालवायला परवानगी मागायला आलेला असतो आणि त्याच्या हप्त्यांची तारीख ठरलेली असते. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. पायी चालणारे, सायकलवरची पोरे, थांब्यावर हात करणारे प्रवासी, सगळे डावीकडे. हात परत आला, पण डावी बाजू परत आली का, हे त्याच्या केसपेपरवर कुठेच लिहिलेले नसते आणि त्याला स्वतःला विचारून उपयोग नसतो. दाखला लिहिण्याआधी डॉक्टरने समोरच्या कोऱ्या कागदावर विखुरलेल्या रेघा काढाव्यात आणि पेन त्याच्या हातात द्यावे.